तिसरे आठ तास

(वस्तीतल्या वाचनालयात तरुणांसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, फक्त पाल्हाळ काढलाय.)

मित्रांनो, आणि मागं दाराशी उभ्या असलेल्या आयाबहिणींनो,

आजच्या पत्रकात माझ्या नावाखाली 'कवी' असं छापलंय. माझ्या गेटपासावर 'लेबर' असं छापलंय. दोन्हीकडं फोटो एकच आहे, पण हे दोन कागद एकमेकांना ओळखत नाहीत. गेटवरच्या शिपायाला माझ्या कवितेशी देणंघेणं नाही आणि साहित्यवाल्यांना माझ्या गेटपासाशी. मी या दोन कागदांच्या मधल्या जागेबद्दल बोलणार आहे.

संयोजकांनी विषय दिला तो असा: 'नोकरी सांभाळून साहित्याचा छंद कसा जोपासावा'. वाचून हसू आलं. जोपासतात काय? कुंडीतला गुलाब. त्याला गॅलरी लागते. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीला गॅलरी नाही. आणि छंद कुणाला असतो? साहेब पोस्टाची तिकिटं जमवतो, तो त्याचा छंद. आपला पोरगा रात्री जागून वही काळी करतो तेव्हा शेजारीपाजारी म्हणतात, याला नाद लागलाय. साहेबाला छंद, आपल्याला नाद. जात शब्दांतसुद्धा बसलेली असते, ती अशी.

तरी मी हा शब्द फेकून देणार नाही. छंद म्हणजे वृत्तसुद्धा. माल ओढताना टोळीतून एक आरोळी निघते आणि वीस हात एकदम जोर लावतात, तोही छंदच. जात्यावर बायका ओव्या म्हणत आल्या, तोही छंदच. तेव्हा हा शब्द त्यांच्या बापाचा नाही. तो आपण वापरायचा, आणि आपल्या अर्थानं वापरायचा.

आता हिशेब करू. दिवसाचे तास चोवीस. पाळी आठ तासांची, म्हणजे कागदावर. हजेरीच्या आधी आणि सुटल्यावर मिळून एक तास जातो. जायचे-यायचे तीन. नळ, आंघोळ, जेवण, बाजार यांचे तीन. झोपेचे सात. किती झाले? बावीस. उरले दोन. या दोन तासांत वाचायचं, लिहायचं, मीटिंगला जायचं, मित्राला भेटायचं, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं. प्रेमबिम करायचं असेल तर तेही त्यातच. आणि ज्या दिवशी मुकादम 'डबल मार' म्हणतो त्या दिवशी हे दोन तर जातातच, झोपेचेही निम्मे जातात. कंत्राटावरच्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. आज नाही म्हटलं की उद्या हजेरीत नाव नाही.

शिवाय हिशेबात न धरलेली एक गोष्ट आहे. हात. जहाजातून पोलादाच्या कॉइली उतरतात त्या दिवशी तारेचे स्लिंग ओढून ओढून बोटं अशी आखडतात की पेन धरवत नाही. डोक्यात ओळ आहे, वेळही आहे, पण हात मिटत नाही. घरी बसून 'प्रेरणा' 'प्रेरणा' करणाऱ्यांना हे समजायचं नाही. अशा दिवशी मी परतीच्या गाडीत फोनमध्ये बोलून ठेवतो. मागं गाडीचा खडखडाट, कुणाचं तरी भांडण, आणि मधे माझ्या चार ओळी. रविवारी ऐकून उतरवतो. चारातल्या तीन टाकून देण्याच्या लायकीच्या असतात. एक राहते. त्या एकीवर माझं चाललंय.

आपल्यातले शिकलेले मित्र मला धीर देतात. म्हणतात, काफ्कासुद्धा नोकरी करूनच लिहायचा. खरं आहे. तो प्रागमध्ये कामगारांच्या अपघात विमा संस्थेत होता, १९०८ पासून १९२२ पर्यंत. १९१२ च्या सप्टेंबरात एका रात्रीत बसून त्यानं अख्खी गोष्ट लिहून काढली. त्याच्या टेबलावर तुटलेल्या बोटांचे, कापलेल्या हातांचे कागद यायचे, म्हणून तो मला जवळचा वाटतो. पण भाऊ, त्याचं हापिस दुपारी दोनला सुटायचं. मलाही दोनला सोडा. मग प्रेरणेवर बोलू.

मला आमच्याच धंद्यातला दुसरा एक माणूस सापडला. एरिक हॉफर. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीत हमाली करायचा. १९५१ साली त्याचं 'द ट्रू बिलिव्हर' हे पुस्तक आलं आणि जगभर गेलं. तरी पुढं कित्येक वर्षं तो गोदीतच होता. त्याची राजकीय मतं आपल्याला पटणारी नाहीत. व्हिएतनामच्या युद्धात तो सरकारच्या बाजूचा होता. ते सोडा. प्रश्न असा की हमालाला पुस्तक लिहायला वेळ कुठून मिळाला? बुद्धी तर आपल्या टोळीतही आहे.

उत्तर त्याच्या आधी घडलेल्या गोष्टीत आहे. त्या किनाऱ्यावरही मुकादम गेटवर उभा राहून बोट दाखवायचा: तू ये, तू ये, तू चालता हो. १९३४ साली तिथल्या गोदी कामगारांनी संप केला. जवळजवळ तीन महिने चालला. ५ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोत पोलिसांच्या गोळ्यांनी दोन माणसं मेली. शेवटी लवाद बसला. सहा तासांचा दिवस मिळाला, तीस तासांचा आठवडा मिळाला. सहाच्या वर काम केलं तर जास्त दर. काम वाटायचा मुकादमाचा अधिकार गेला आणि युनियनच्या माणसाच्या हाती हॉलमधून नंबरानं काम वाटलं जाऊ लागलं. हॉफर गोदीत आला तो यानंतर, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत. त्याच्या पुस्तकावर नाव त्याचं एकट्याचं आहे. पण त्यातली पानं ज्या तासांत लिहिली गेली ते तास संपकऱ्यांनी मिळवलेले होते. पुस्तक वाचणारे ही गोष्ट विसरतात. आपण विसरायची नाही.

आपल्याकडं काय झालं? नारायण मेघाजी लोखंडे हे नाव तुम्ही ऐकलंय. सत्यशोधक माणूस. गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेला, आणि 'दीनबंधू'चा संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि आठवड्याला एक दिवस सुट्टी मागितली. १० जून १८९० पासून रविवार मिळाला. एका रविवारला सहा वर्षं लागली. तो ज्यानं मिळवला तो स्वतः लेखणी चालवणारा होता, हा मला योगायोग वाटत नाही. वेळ नसला तर काय काय मरतं हे लिहिणाऱ्याला बरोबर कळतं.

पुढं १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. १९४६ च्या कारखाना कायद्याच्या दुरुस्तीनं आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. ते काम त्यांच्या खात्याचं. सहा तास म्हणजे काय? ज्यानं आयुष्यभर दिव्याखाली पुस्तकं वाचली त्या माणसाला सहा तास म्हणजे काय ते ठाऊक होतं. तेव्हा रविवारी वही उघडताना आपण कुणाकडून उसना वेळ घेत नाही. आठ तास कामाचे, आठ झोपेचे आणि आठ आपले, ही जगभरच्या कामगारांची जुनी मागणी. ते तिसरे आठ तास आपल्या वारसाहक्काचे आहेत. त्यातले दोनच हातात येतात, ही चोरी आहे.

आणि आता चोर उघड बोलायला लागलाय. २०२३ साली एका बड्या उद्योगपतीनं सांगितलं की देशाच्या भल्यासाठी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं. सत्तरातून अठ्ठेचाळीस गेले, राहिले बावीस. या बावीस तासांत कितीजणांची वही आहे, कितीजणांचा ढोल आहे, कितीजणांची नाइट स्कूलची परीक्षा आहे? देशाच्या भल्यासाठी म्हणे. आमच्या टोळीतल्या पोरांनी कविता केली तर देशाचं काय वाईट होणार आहे?

आता दुसरी बाजू. आपल्यातच काही भोळे, काही लबाड लोक म्हणतात की भोगल्याशिवाय कविता येत नाही, कष्टातच खरं साहित्य पिकतं. मित्रांनो, या बोलण्यापासून सावध राहा. नारायण सुर्वे गिरणी कामगारानं सांभाळलेलं अनाथ पोर, महापालिकेच्या शाळेत शिपाई, मग तिथंच मास्तर. १९६२ ला त्यांचं 'ऐसा गा मी ब्रह्म' आलं. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवायचे. १९७२ ला 'गोलपिठा' आलं आणि मराठी कवितेची झोप उडाली. ही नावं घेताना माझी छाती फुगते. पण ते कष्टांमुळं कवी झाले असं म्हणणं म्हणजे ढोरमेहनतीला सर्टिफिकेट देणं आहे. कष्ट कवी बनवत असते तर गोदीच्या गेटातून रोज शेकडो कवी बाहेर पडले असते. बाहेर पडतात ती थकलेली माणसं. त्यांच्यातले किती कवी आत जहाजाच्या पोटातच राहिले, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात आहे?

चोखोबाचं काय झालं? परंपरा सांगते, १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेला. कवी कामावर मेला. आजच्या भाषेत अपघाती मृत्यू, भरपाई शून्य. लोकांनी मागाहून गोष्ट रचली की त्याच्या हाडांतून विठ्ठलाचा आवाज येत होता. भिंत तशी कच्ची का होती, हे कुणी विचारलं नाही. आपल्या कवीच्या हाडांचं कौतुक करणाऱ्यांना आपण हे विचारायचं. तो जिवंत असताना तुम्ही कुठं होता?

काही तरुण मित्र मला येऊन भेटतात. म्हणतात, नोकरी सोडतो, पूर्ण वेळ लिहितो. मी त्यांना विचारतो, घरात खाणारी तोंडं किती? अण्णा भाऊ साठ्यांनी १९५९ साली 'फकिरा' दिली. ढीगभर कादंबऱ्या लिहिल्या, शाहिरी केली, परदेशापर्यंत नाव गेलं. १८ जुलै १९६९ ला हा माणूस हलाखीत गेला. ज्या समाजानं अण्णा भाऊंना सांभाळलं नाही तो तुला सांभाळेल असं वाटत असेल तर खुशाल राजीनामा दे.

मी नोकरी सोडत नाही याला आणखी एक कारण आहे. महिन्याचा पगार, तुटपुंजा का असेना, माझ्या कवितेला कुणाची मिंधी होऊ देत नाही. मला संपादकाला सलाम ठोकावा लागत नाही. पुरस्कार देणाऱ्या कमिटीच्या दारात चपला काढाव्या लागत नाहीत. ओळ बदला, शिवी काढा, एवढं कडक नको, असं कुणी म्हणालं तर मी सांगू शकतो की छापू नका. माझी चूल तुमच्यावर पेटत नाही. हे स्वातंत्र्य मी पाठीवर गोणी घेऊन कमावलंय, ते फुकट घालवणार नाही.

आपले काही कार्यकर्ते तिसरंच म्हणतात. आधी मोर्चा, मग कविता. मी दोन्ही करतो म्हणून मला बोलायचा हक्क आहे. मोर्चाचं पत्रक मी लिहितो, भिंती मी रंगवतो. पण कविता म्हणजे पत्रक नव्हे. पत्रकाला उद्या सकाळी नऊला जमायचंय हे सांगायचं असतं. कवितेला काय सांगायचंय ते मला लिहून होईपर्यंत माहीत नसतं. आणि प्रत्येक गोष्ट उपयोगाचीच पाहिजे हा कायदा कुणाचा? तो मालकाचा. माणसाच्या अंगातलं जे विकलं जात नाही ते वाया, हे मालकाचं गणित. चळवळीनं तेच गणित लाल-निळ्या शाईत लिहायचं काय? आमच्या टोळीतला एक जण बेंजो वाजवतो. जयंतीला वाजवतो तेव्हा सगळे वाहवा करतात. एरवी रात्री दहाला एकटाच वाजवतो तेव्हा म्हणतात, याला काम नाही. मी म्हणतो, वाजवू द्या. आपल्या बापजाद्यांना गावानं डफ वाजवायला लावला तो दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या मयतीत. हा स्वतःसाठी वाजवतोय. यापेक्षा मोठं बंड मला दिसत नाही.

आता मागं उभ्या असलेल्या आयाबहिणींकडं वळतो. मघाशी मी दोन तासांचा हिशेब मांडला. तो अपुरा होता, मुद्दाम अपुरा ठेवला. नळाचं पाणी, भाकरी, धुणं यातलं बरंचसं माझी आई आणि बहीण करतात म्हणून ते दोन तास उरतात. मी लिहायला बसलो की आई सगळ्यांना गप्प करते. आईसाठी या देशात कुणी कुणाला गप्प केलंय? जनाबाई दळायला बसली की विठ्ठल हात लावायला यायचा अशी कथा सांगतात. आपल्या घरात विठ्ठल येत नाही. दळणाला हात घरातल्या पुरुषानंच लावायचा असतो.

फलटणच्या बेबीताई कांबळे छोट्याशा दुकानात बसायच्या. गिऱ्हाइकं सांभाळत लिहायच्या आणि नवऱ्याला दिसू नये म्हणून कागद लपवून ठेवायच्या. एक दोन नाही, वीसेक वर्षं. १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तक झालं तेव्हा आपल्याला कळलं की आपल्या शेजारी काय लिहिलं जात होतं. आम्ही पुरुष कवी लपून लिहितो ते मुकादमापासून. बेबीताईंना घरातच लपावं लागलं. तिसरे आठ तास मालकाकडून मिळवायचे तसे ते घरात वाटूनही घ्यायचे. आमच्याकडं रविवारी पाणी मी भरतो, भांडी मी घासतो. तेव्हा बहीण वही घेऊन कोपऱ्यात बसते. काय लिहिते ते दाखवत नाही. मी विचारत नाही. तिचा तास तिचा.

तुम्ही विचाराल, मग करायचं काय? मी करतो ते सांगतो, पटलं तर घ्या.

एक. ओळ सुचली की कामावरच डोक्यात पाठ करायची. फोन आत नेता येत नाही, पेन काढलं तर मुकादम बघतो. पण पाठ करताना कोण बघणार? सुटेपर्यंत जी ओळ टिकते ती बहुतेक चांगली निघते. लूज ओळ दुपारपर्यंत गळून पडते. मात्र डोक्यावर क्रेनचा हूक फिरत असताना कविता करायची नाही. तेव्हा फक्त हूक बघायचा. मेलेल्या कवीचा आपल्याला उपयोग नाही.

दोन. पगाराच्या दिवशी एक पुस्तक. जुन्या बाजारातलं चालेल. वाचून झालं की टोळीत फिरवायचं. आमच्या टोळीत एक पुस्तक आठ महिने फिरलं. परत आलं तेव्हा कव्हर नव्हतं. समासात पाचजणांच्या अक्षरात शेरे होते. इतकी चांगली समीक्षा मी कुठल्या मासिकात वाचली नाही.

तीन. लिहिलेलं दोन माणसांना दाखवायचं. एक पुष्कळ वाचणारा, एक अजिबात न वाचणारा. पहिला सांगेल की हे आधी कुणी लिहून ठेवलंय. दुसरा सांगेल की हे खोटं आहे. दोघांचं ऐकायचं.

चार. आपले शब्द बदलायचे नाहीत. हजेरी, खाडा, पाळी, डबल, टोळी. मराठीच्या मास्तरानं कधी ऐकले नसतील म्हणून ते कवितेत कमी लायकीचे होत नाहीत. त्याला कोश उघडू दे. आपण त्याच्या प्राजक्ताचा अर्थ शोधलाच ना?

हे झालं एकेकट्यानं करायचं. पण एकेकट्यानं दोनाचे तीन तास होतील, आठ होणार नाहीत. म्हणून चार गोष्टी सगळ्यांनी मिळून करायच्या. हे वाचनालय रात्री आठला बंद होतं. दुसऱ्या पाळीचा माणूस कधी येणार? ते अकरापर्यंत उघडं ठेवा. चावी सांभाळायला आळीपाळीनं माणसं द्या, पहिलं नाव माझं लिहा. आपल्या मीटिंगा पाळ्या बघून लावा. मासिकाच्या संपादकांनी फोनवर बोललेली कविताही घ्यावी, कागदावर उतरवून द्यायला इथली कॉलेजची मुलंमुली आहेत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: जबरदस्तीच्या डबलला 'नाही' म्हणायचं ते एकट्यानं नाही, अख्ख्या टोळीनं. एकाचं नाव हजेरीतून कापता येतं. टोळीचं कापलं तर जहाज खाली कोण करणार?

त्या दिवशी माझी कविता लिहून झाली नाही तरी चालेल. दुसऱ्या कुणाची तरी होईल.

मला उद्या पहिली पाळी आहे, म्हणून थांबतो. चावीच्या यादीचा कागद टेबलावर ठेवलाय. जाताना नाव लिहून जा.

जय भीम.